न पिकविलेल्या कापसाचे पैसे

अमेरिकेंतील शेतकऱ्याला सरकार पैसे देतें, ही गोष्ट आतां कोणाला नवलाची वाटत नाहीं. परंतु पीक काढल्याबद्दल नव्हे, तर तें न काढल्याबद्दल पैसे मोजण्याची मोठी सरकारी योजना तेथें सुरू झाली ती १९३३ सालीं. ते पैसे कोणाच्या हातीं पडले हें पाहावयाचें असेल, तर अर्कान्सॉ संस्थानांतील पॉइन्सेट काउंटीचें उदाहरण घेण्यासारखें आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील लहानसा जिल्हाच म्हणावा.

१९२९ सालीं पौंडाला सुमारें १७ सेंट असलेला कापसाचा भाव १९३२ सालीं सहासात सेंटांवर आला होता. पुरवठा घटल्याशिवाय भाव चढणार नाहीं, हें ओळखून रूझवेल्ट सरकारनें मे १९३३ मध्यें कायदा केला. पण कापूस तोंवर पेरला गेला होता! तेव्हां उभें पीक नांगरून टाकणारास भरपाई देण्याचें ठरलें, आणि त्या उन्हाळ्यांत सुमारें १ कोटि एकरांवरील कापूस मातींत गेला. पिकाच्या ओळीवर पाय पडूं द्यावयाचा नाहीं, अशी शिकवण मिळालेलीं खेचरें त्या ओळींवरून चालेनात, असें सांगतात. त्या मुक्या जनावरांना जें उमजेना, तें अर्धपोटीं राहणाऱ्या माणसांना तरी कसें उमजावें?

पुढील दोन वर्षांकरितां जमीन पडीक ठेवण्याचे करार झाले. त्या भागांत जमिनीचा मालक स्वतः क्वचितच नांगर धरी. मालकाचीं खेचरें, मालकाचें बियाणें आणि कुळाचे कष्ट. पीक निम्में निम्में, असा रिवाज होता. आतां कराराचा हिशेब पाहावा. न पिकविलेल्या कापसाच्या दर पौंडामागें साडेतीन सेंट जमिनीचें भाडें म्हणून. तें सर्व मालकाचें. शिवाय एक सेंट भाव भरून काढण्यासाठीं. तो दोघांत अर्धा अर्धा. म्हणजे साडेचारांपैकीं चार सेंट मालकाला आणि अर्धा कुळाला. तो अर्धाही पुष्कळदां मालकाच्या दुकानांतील उधारींतच वळता होई.

कुळांची संख्या कमी करूं नये, असें सातवें कलम करारांत होतें. पण त्याला ‘शक्य तोंवर’ अशी पुस्ती जोडलेली होती. जमीन पडीक राहिली कीं माणसें जास्त होतात, आणि मग शक्य काय तें मालकच ठरवितो. तक्रारींची दाद लावण्यांत स्थानिक समित्यांचा हात असे, व त्यांत वजन मालकांचेंच. तक्रार ज्याच्याविरुद्ध, चौकशीही त्याच्याच पंगतींतला करणार!

जुलै १९३४ मध्यें टायरॉन्झा गांवाजवळ एका मळ्यावरील शाळेंत ११ गोरीं व ७ काळीं कुळें रात्रीं जमलीं. दोन वर्णांचे दोन संघ काढावे कीं एकच, हा पहिला प्रश्न. मालक एक असतांना संघ दोन कशाला, असें ठरून एकच संघ निघाला. त्या काळच्या दक्षिणेंत ही लहान गोष्ट नव्हती. सभा उधळल्या गेल्या, माणसांना मारहाण झाली. मळ्यावरून काढलेल्या कुळांची फिर्याद १९३५ सालीं न्यायालयांत टिकली नाहीं. करार सरकार आणि मालक यांमधील, कुळाचा त्यांत काय संबंध? त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत, तींच कुळें ठेवलीं पाहिजेत असा सातव्या कलमाचा अर्थ लावणारे जेरोम फ्रँक व त्यांचे सहकारी वकील शेतकी खात्यांतून दूर झाले.

जानेवारी १९३६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मूळ कायद्याची योजनाच घटनाबाह्य ठरविली. १९३८ च्या नव्या कायद्यानें पैसे पिकांतील वांट्याच्या प्रमाणांत देण्याची तरतूद केली. वांटेकरीच नसला तर वांटा कोणाला द्यावयाचा? मालकांनीं कुळें काढून रोजंदार ठेवले, आणि सरकारी पैशाच्या आधारानें ट्रॅक्टर आणले.

काउंटीच्या निवडून आलेल्या समित्या अद्यापि आहेत. टायरॉन्झाच्या पेठेंत संघाचे एक संस्थापक एच्. एल्. मिचेल यांचें कपडे धुण्याचें दुकान होतें. त्या इमारतींत २००६ सालीं या कुळांचें संग्रहालय उघडण्यांत आलें.