साठ वर्षांनी येणारा पाडवा



पाडवा होऊन थोडेच दिवस झालेत. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं आणि मक्त्यानं दिलेल्या शेताचा हिशेब होतो. शेत पुन्हा त्यालाच द्यायचं का, कितीला द्यायचं, याची बोलणी शिमग्यापासूनच सुरू होतात. मक्ता केव्हा संपतो हे विसरलेला शेतकरी मी पाहिलेला नाही. पण आपल्या फ्लॅटखालच्या जमिनीचा भाडेपट्टा केव्हा संपतो, हे ठाऊक नसलेली माणसं मला सतत भेटतात. आज मी बोलणार आहे ते त्यांच्यासाठी.

भाडेपट्टा ही आपल्याला परकी गोष्ट नाही. आपल्या हिंगोलीची एमआयडीसी ज्या गावात आहे, त्याचं नावच लिंबाळा मक्ता. निजामाच्या राज्यात ठरावीक रकमेवर दिलेल्या गावांना मक्ता म्हणत, आणि 1949 च्या जहागीर निर्मूलन कायद्यात अशी गावंही धरलेली होती. तो मक्ता गेला. आज एमआयडीसी भूखंड देते तेही पट्ट्यानंच, साधारण 95 वर्षांच्या.

त्याहून मोठा पट्टा आपल्या वेशीवरचा होता. हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. त्या फौजेच्या खर्चापोटी 1853 साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. 1902 साली तोच वऱ्हाड वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं दिला गेला आणि 1903 मध्ये हिंगोलीची छावणी उठली. पुढे 1923 साली सातव्या निजामानं वऱ्हाड परत मागितला, तेव्हा इंग्रजांनी नकार दिला. पैनगंगेपलीकडच्या एवढ्या मोठ्या मुलखाचं भवितव्य करारातल्या ‘कायमचा’ या एका शब्दाला बांधलं गेलं होतं. पट्ट्यात मुदतीचा शब्द किती भारी असतो, हे यावरून कळतं.

आता घराकडे येऊ. आपली मुलं नांदेडच्या सिडकोत, छत्रपती संभाजीनगरात, नवी मुंबईत घरं घेतात. नवी मुंबईत सिडकोनं जमिनी दिल्या त्या 60 वर्षांच्या पट्ट्यानं. संवत्सरांचं चक्रही 60 वर्षांचंच. 1980 साली रौद्र संवत्सर होतं, 2040 साली पुन्हा रौद्रच येईल. म्हणजे 1980 च्या पट्ट्याचा ‘पाडवा’ 2040 साली. शेताच्या मक्त्याचा पाडवा दरसाल येतो म्हणून लक्षात राहतो. हा मात्र एका पिढीनं सही केल्यावर दुसऱ्या पिढीच्या दारात येऊन उभा राहतो.

माझा एक मावसभाऊ असाच जुना फ्लॅट घ्यायला निघाला होता. कागदांची पिशवी घेऊन तो माझ्याकडे आला. आम्ही सतरंजीवर कागद पसरले. टंकलेखन यंत्रावरची फिकट अक्षरं, कडेला पिवळे पडलेले शिक्के, शेवटच्या पानावर चतुःसीमा. त्यानं चटईक्षेत्र पाहिलं होतं, पाण्याची वेळ विचारली होती, वाहनतळही मोजला होता. मी फक्त पट्टा सुरू झाल्याची तारीख शोधली आणि बोटांवर वर्षं मोजली. त्याच्या कर्जाचे हप्ते पट्टा संपल्यावरही चालू राहणार होते. तो बराच वेळ काही बोलला नाही.

मुदत संपली की काय होतं? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 111 प्रमाणे पट्टा संपुष्टात येतो. जमिनीचा मालक भाडं घेत राहिला आणि करारात वेगळं काही नसलं, तर कलम 116 प्रमाणे राहत्या घराचा पट्टा महिन्या-महिन्यानं चालू राहतो, आणि असा पट्टा 15 दिवसांच्या नोटिशीनं संपवता येतो. सर्वसाधारण नियम हाच आहे. 60 वर्षांची निश्चिंती 15 दिवसांवर येऊ शकते, ती अशी.

म्हणून तीन गोष्टी मुदत शिल्लक असतानाच करा. पहिली, नूतनीकरणाचं कलम वाचा. मुदतवाढ हा आपला हक्क आहे की मालकाच्या मर्जीची बाब, किती वर्षांची आहे, भाडं कशावरून ठरणार आणि अर्ज केव्हा करायचा, हे सगळं तिथं असतं. दुसरी, व्यवहार चोख ठेवा. थकलेलं भाडं, परवानगीविना झालेली हस्तांतरणं, घराचं केलेलं दुकान, या गोष्टी ऐन वेळी आडव्या येतात. तिसरी, एकजूट ठेवा. पट्टा बहुधा गृहनिर्माण संस्थेच्या नावावर असतो, एकट्या फ्लॅटधारकाच्या नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव, अर्ज, रक्कम भरणं आणि शेवटी नव्या पट्ट्याची नोंदणी, हे सगळं संस्थेनंच करायचं असतं. एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीशिवाय पक्का होत नाही.

जमीन सरकारी असेल, तर 8 मार्च 2019 च्या नियमांनी ठरावीक रक्कम भरून ती भोगवटादार वर्ग-1, म्हणजे मालकीसारखी, करून घेण्याची वाट उघडली. ही वाट ज्यांना परवडेल त्यांनी आजचे नियम तपासून जरूर धरावी. भाडं मात्र जुन्या काळचं राहील ही आशा सोडा. वांद्रे रेक्लमेशनच्या संस्थांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं 2024 साली रेडी रेकनरवर आधारलेलं भाडं वैध ठरवलं. पट्ट्याच्या मुदतीत दर पाच वर्षांनी ते वाढवणं मात्र मान्य केलं नाही. तिथंही निकाल फिरला तो पट्ट्याच्या शब्दांवरच.

इंग्लंडमध्ये 1993 च्या कायद्यानं पात्र फ्लॅटधारकाला योग्य मोबदला देऊन पट्टा 90 वर्षं वाढवून मागण्याचा हक्क दिला. त्या कायद्याप्रमाणे मुदत 80 वर्षांखाली गेली की तो मोबदला आणखी वाढतो, म्हणून तिथली माणसं 80 वर्षं शिल्लक असतानाच जागी होतात. आपल्याकडेही असा स्पष्ट हक्क कायद्यात यावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे. आयुष्याची कमाई घालून घेतलेलं घर कुणाच्या मर्जीवर उभं राहू नये.

तोवर एक काम तुमच्या हातात आहे. आज घरी गेल्यावर मुलाला फोन करा आणि पट्टा सुरू झाल्याची तारीख विचारा. त्यात मुदतीची वर्षं मिळवा आणि येणारं साल घरातल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पंचांग दरसाल बदलतं, तेव्हा दर पाडव्याला गुढी उभारून झाली की ते साल नव्या पंचांगावर उतरवा आणि किती वर्षं उरली हे घरात सगळ्यांना मोठ्यानं सांगा. शेताचा पाडवा आपण कधी चुकवला नाही, घराचाही चुकवायचा नाही.