नाव गाळणाऱ्यांना



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने मराठीच्या भवितव्याविषयी चार आशादायक शब्द बोलावेत, असा प्रघात आहे. तो मी आज मोडतो. मला आज वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या आणि खासगी रेडिओ चालवणाऱ्यांशी उघड भांडायचे आहे.

१९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. छप्पन गीते, वर्षभर. गदिमांचे, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे शब्द, बाबूजींचे, म्हणजे सुधीर फडक्यांचे संगीत, हे आजही शाळकरी पोर सांगेल. आकाशवाणीच्या निवेदनात कवी, संगीतकार, गायक ही तिन्ही नावे येत. त्याला दहा सेकंद पुरत. आज एफएमवरचा निवेदक स्वतःचे नाव सांगतो, वाहिनीचे सांगतो, प्रायोजकाचे तर तीनदा सांगतो. ज्याने ते गाणे लिहिले, त्याच्यासाठी मात्र दहा सेकंद सापडत नाहीत!

वृत्तपत्रांचेही तेच. उन्हापावसात उभे राहून कोणीतरी टिपलेला क्षण ‘संग्रहित छायाचित्र’ म्हणून छापून येतो. वाहिन्यांवर एखादी कविता ‘व्हायरल’ म्हणून वाचली जाते, खाली लिहिलेले असते ‘कवी अज्ञात’. हा अज्ञात कवी पुष्कळदा जिवंत असतो, त्याचा संग्रह दुकानात विकायला असतो. कोणी शोधत नाही, कारण शोधले तर विचारावे लागेल, आणि विचारले तर मानधन द्यावे लागेल.

मानधनाचा विषय काढला की उत्तर ठरलेले: ‘तुम्हाला प्रसिद्धी मिळते ना!’ कागदवाल्याला असे कोणी सांगत नाही. पहाटे अंक टाकणाऱ्या मुलालाही पैसे द्यावेच लागतात. ज्याच्या मजकुरासाठी तो अंक उघडला जातो, त्यानेच तेवढे फुकट लिहायचे? हा अपमान आहे, आणि तो आपण वर्षानुवर्षे हसतमुखाने गिळला आहे. कविता छापून आली यातच आपण धन्य होतो. पुस्तक परीक्षणांची जागा आक्रसत गेली तेव्हाही आपण संपादकाला साधे पत्र लिहिले नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ सांगते की, हक्क विकून टाकले तरी ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कृतीची मोडतोड झाली, तर त्याला न्यायालयात जाता येते. २०१२च्या दुरुस्तीने चित्रपटातील गाण्यांच्या स्वामित्वधनात गीतकार-संगीतकारांना वाटा दिला आणि तो निर्मात्याला लिहून घेता येणार नाही, अशी तजवीज केली. त्यासाठी गीतकार जावेद अख्तर राज्यसभेत झगडले. या सभागृहातल्या किती जणांनी ती दुरुस्ती वाचली आहे?

संपादकांना आणि वाहिन्यांच्या मालकांना माझे सांगणे आहे: नाव द्या, परवानगी घ्या, मानधन द्या. आणि लेखक मित्रहो, नाव न देता तुमचे काही छापले, वाजवले, दाखवले, तर त्याच आठवड्यात लेखी जाब विचारा. उत्तर आले नाही तर पुढचा मजकूर देऊ नका, दिवाळी अंकासाठी कितीही गळ घातली तरी देऊ नका. साहित्यसंस्थांनी अशा लेखकांच्या मागे वकील उभा करावा. तसा ठराव आजच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः मांडणार आहे. त्याला हात वर करून पाठिंबा द्या.