चार पावले मनासाठी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आरोग्यावर बोलायला मंडळाने मला उभे करावे, याचे माझे मलाच हसू येते. मी डॉक्टर नव्हे. पण या बाबतीत मी एक चूक करून शहाणी झाले आहे, तेवढीच सांगते.

२०२१ साली यजमान गेले आणि घर खायला उठले. स्वयंपाक, धुणे, झाडलोट सारे हातून होत होते. पण मन कशात लागेना. रात्र-रात्र डोळ्याला डोळा नसे. "फिरायला चला," असे कोणी म्हटले की मी म्हणे, "दिवसभर राबते, ते काय कमी आहे?" शेवटी शेजारच्या वहिनींनी हाताला धरून मला बाहेर काढले. पहिल्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंतच गेलो. महिन्याभरात मला झोप येऊ लागली, जेवण गोड लागू लागले.

मग मात्र मला हाव सुटली. अर्ध्या तासाने एवढे, तर तीन तासांनी किती! सकाळ-संध्याकाळ चालू लागले. एक दिवस चुकला की चिडचिड होई. गुडघा सुजला, आणि वहिनींची चाल मंद वाटून त्यांची सोबतही मी सोडली.

माझे डोळे उघडले ते नातीने वाचून दाखवलेल्या माहितीने. २०१८ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात अमेरिकेतील सुमारे १२ लाख प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. व्यायाम करणाऱ्यांच्या वाट्याला मन खिन्न असण्याचे दिवस सुमारे ४३ टक्के कमी आले होते. आठवड्यातून तीन ते पाच वेळा, दर वेळी पाऊण तास, हे प्रमाण सर्वांत हितकर दिसले. त्याहून फार अधिक केल्याने लाभ वाढला नाही. घरकामाचाही उपयोग दिसला, पण बेताचाच. २०२२ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात आठवड्याला अडीच तास भरभर चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांत नैराश्याचा धोका २५ टक्के कमी आढळला, आणि त्याच्या निम्मा करणाऱ्यांतही १८ टक्के कमी! म्हणजे पदरात पडते त्यातले बरेचसे पहिल्या थोड्या पावलांतच पडते.

अर्थात, ज्याचे मन खचले आहे तो मुळात बाहेरच पडत नाही, हेही या आकड्यांमागे असणारच. आणि दुखणे खोल असेल तर डॉक्टरांकडेच जावे. त्यात लाज कसली?

मी वहिनींची क्षमा मागितली. आता आम्ही आठवड्यातून पाच दिवस, पाऊण तास, त्यांच्याच चालीने चालतो. दुःख गेले नाही. पण ते उचलण्याचे बळ आले आहे.

भगिनींनो, आपल्या आळीत दार लावून बसलेली एखादी असेलच. तिला उपदेश करू नका. चपला घालून तिच्या दाराशी उभ्या राहा, आणि पिंपळापर्यंत घेऊन जा.