हँडसेट जुळतो म्हणजे किती जुळतो?

अंधेरी-बोरिवलीच्या घरांतून लँडलाइन बरीचशी गेली, पण जिथे उरली आहे तिथे पुष्कळदा ती कॉर्डलेस असते: बेस हॉलमध्ये आणि हँडसेट आजोबांच्या उशाशी. त्यातला एक हँडसेट पडून फुटला आणि त्या मॉडेलचा सुटा हँडसेट मिळेना, की दुकानदार म्हणतो, "पूर्ण सेटच घ्या." प्रश्न इतकाच की दुसऱ्या कंपनीचा हँडसेट जुन्या बेसवर चालावा की नाही. माझं म्हणणं असं, की तो चालतो, पण अर्धाच. राहिलेलं अर्धं अडतं ते तंत्रज्ञानामुळे नव्हे. मानकाची रेषा कुठे ओढायची हे माणसांनी ठरवलं म्हणून अडतं, आणि माणसांनी ठरवलेली रेषा पुढे सरकवता येते.

डिजिटल कॉर्डलेसचं मुख्य मानक डेक्ट. युरोपातल्या एट्सी या संस्थेने ते १९९२ साली प्रसिद्ध केलं. युरोपात त्यासाठी १८८० ते १९०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. त्यात दहा वाहक लहरी, आणि प्रत्येक लहरीवर दर दहा मिलिसेकंदांचे चोवीस तुकडे: बारा बोलण्यासाठी, बारा ऐकण्यासाठी. म्हणजे एकूण १२० मार्ग झाले. कोणता मार्ग कुणाचा, हे वरून कुणी वाटून देत नाही. हँडसेट स्वतः कानोसा घेतो, सर्वांत शांत मार्ग निवडतो, आणि तिथे गोंगाट वाढला तर बोलणं चालू असतानाच दुसरीकडे सरकतो. घाटकोपरच्या एखाद्या टॉवरमध्ये भिंतीला भिंत लागून, वेगवेगळ्या कंपन्यांचे असे फोन एकमेकांत न घुसता चालू शकतात ते यामुळे. हवा सामाईक असल्याने इथे कंपन्यांना एकमत करावंच लागलं. जिथे हवा संपते आणि मेनू सुरू होतो, तिथे मात्र एकमत थांबतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात गॅप नावाची जोडनियमावली आली, आणि ती पाळणाऱ्या कुठल्याही कंपनीचा हँडसेट तशाच कुठल्याही बेसशी निदान बोलू लागला. बेसवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, पिन मागितला तर तो टाकायचा (पुष्कळदा चार शून्यंच), हँडसेट नोंदला जातो आणि डायलटोन येतो. फोन लागतो, येतो, घेता येतो. पण बेसमध्ये साठवलेली नावं या हँडसेटवर दिसतीलच असं नाही, निरोपयंत्र त्यावरून ऐकता येईलच असं नाही. गंमत म्हणजे आतले सेल बहुधा ट्रिपल-ए आकाराचे रिचार्जेबल असतात, ते कुठल्याही कंपनीचे चालतात!

यावर पहिला आक्षेप असा, की सगळं मानकात बांधून टाकलं तर कंपन्या नवं काही करणार नाहीत. बाजारालाच ठरवू द्या. बाजाराला ठरवू दिल्याचं उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये १९८९ मध्ये टेलिपॉइंट नावाच्या सेवेचे चार परवाने दिले गेले. खिशात कॉर्डलेस ठेवायचा आणि रस्त्यावरच्या बेसजवळ उभं राहून फोन करायचा, अशी ती योजना. पहिल्या तीन सेवांचे फोन एकमेकांच्या बेसवर चालत नव्हते, आणि १९९१ पर्यंत त्या तिन्ही बंद पडल्या. चौथी, हचिसन कंपनीची 'रॅबिट', सामाईक मानक घेऊन १९९२ मध्ये आली आणि तीही १९९३ अखेर मिटली. तोवर खरा मोबाइल आला होता. तेव्हा मानक असलं की धंदा तरतो असं मी म्हणत नाही. पण मानकाने नवनिर्मिती गुदमरते, हे तर अजिबात खरं नाही. आपल्याकडेच आयआयटी मद्रासमध्ये अशोक झुनझुनवाला यांच्या टेनेट गटाने, मिडास या कंपनीसह, डेक्टवरून 'कॉरडेक्ट' उभं केलं: घरातल्या कॉर्डलेसचं मानक उचलून गावापर्यंत तारेविना टेलिफोन, आणि त्याच जोडणीवर ३५ ते ७० किलोबिटचं इंटरनेट. मानक खुलं होतं, म्हणून चेन्नईतल्या माणसांना त्यावर हे उभारता आलं. बंद दार नव्याला अडवतं. खुल्या नियमांत नव्याला शिरकाव तरी मिळतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नावं आणि निरोप दोन कंपन्यांत वाटून घेणं अवघड आहे. अवघड होतं. पण पुढे आलेल्या कॅट-आयक्यू या नियमावलीत रुंद पट्ट्याचा, म्हणजे सात किलोहर्ट्झपर्यंतचा स्वच्छ आवाज आला आणि नावांची यादी बेसकडून मागून घेण्याची रीतही आली. म्हणजे जमत होतं. फक्त सक्ती नव्हती. आणखी एक फसगत नावाची. अमेरिकेहून मुलीने पाठवलेल्या खोक्यावर 'डेक्ट ६.०' लिहिलेलं असतं. सहावी आवृत्ती वगैरे काही नाही, ते विक्रीचं नाव. तो फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतो, आणि १९२० पासून मोबाइलच्या २१०० बँडचा तो भाग सुरू होतो जिथे फोन बोलतो आणि टॉवर ऐकतो. युरोपी बेसशी तो जुळणार नाहीच, वर मुलुंडमध्ये लावला तर शेजाऱ्याच्या मोबाइललाही त्रास होऊ शकेल.

राहता राहिलं, "लँडलाइनच संपली, आता कशाला ही चर्चा?" फायबरच्या डब्याला फोनचं भोक अजून असतं आणि त्यातून घरचा नंबर चालतो. शिवाय डेक्टची पुढची पिढी, यंत्रांनी यंत्रांशी बोलण्यासाठीची, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ५जीच्या मानकांत घेतली. उद्या विजेचे मीटर आणि कारखान्यातले सेन्सर तिच्यावर बोलू लागले, तर हाच तंटा तिथेही उभा राहील. आपल्याकडे दूरसंचार उपकरणांची सक्तीची चाचणी १ ऑक्टोबर २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे. त्या व्यवस्थेकडे माझी मागणी छोटी आहे: कॉर्डलेसच्या खोक्यावर पट्टा कोणता, गॅप आहे की नाही, आणि परक्या हँडसेटवर यादी, कॉलर आयडी, इंटरकॉम यांपैकी काय काय चालेल, हे मराठीत, वाचता येईल अशा टायपात छापलेलं असावं.