दर्यावर्दी, बेट आणि नायिका



समुद्रापासून इतक्या दूर, वैशाखाच्या ह्या उकाड्यात, मी आपल्यापुढे समुद्राविषयी बोलायला उभा आहे. त्याला कारण झाले एक हस्तलिखित.

गेल्या वर्षी एक तरुण गृहस्थ माझ्याकडे आपली कादंबरी घेऊन आले. मालवण-तारकर्लीला आता पुष्कळ मंडळी समुद्रात बुडी मारायला जातात. तसे हेही गेले होते. पाण्याखालचे रंग पाहून ते भारावून गेले आणि घरी येऊन त्यांनी तीनशे पाने लिहून काढली. बेट, माड, चांदणे, शहरातून आलेला नायक आणि कोळ्याची देखणी मुलगी. मी वाचून परत दिली तेव्हा ते म्हणाले, "सर, ह्यातली प्रत्येक बुडी मी स्वतः मारलेली आहे. मग वाचताना ती खोटी का वाटते?"

प्रश्न प्रामाणिक होता. तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही. आज आपल्या साक्षीने देण्याचा प्रयत्न करतो.

समुद्रावरचे अनुभव घेऊन प्रीतीच्या कादंबऱ्या रचण्याचा उद्योग जुना आहे, आणि त्याचे माहेरघर म्हणजे पॅसिफिक महासागर. त्या महासागरातून गेलेल्या तीन लेखकांची हकीकत मी सांगणार आहे. तिघेही खरोखर गलबतावर चढलेले होते. घरबसल्या समुद्र रंगवणारे नव्हते.

पहिला अमेरिकेचा हर्मन मेल्व्हिल. १८४१ च्या जानेवारीत, एकविसाव्या वर्षी, तो देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या 'अकुश्नेट' ह्या गलबतावर खलाशी म्हणून चढला. त्या जहाजांवरचे जिणे कष्टाचे आणि कंटाळ्याचे. दीड वर्षाने, १८४२ च्या जुलैत, गलबत मार्केसस द्वीपसमूहातील नुकुहिवा बेटाला लागले, तेव्हा तो टोबी नावाच्या सोबत्याबरोबर पळाला. डोंगर चढून दोघे ताइपी जमातीच्या खोऱ्यात उतरले. हे लोक नरमांसभक्षक, अशी त्यांची ख्याती! प्रत्यक्षात मेल्व्हिलचा पाहुणचार झाला, आणि महिन्याभराने तो दुसऱ्या एका गलबतावरून निसटला.

ह्या एका महिन्यावर त्याने १८४६ साली 'टायपी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तकात मात्र मुक्काम चार महिन्यांचा झाला! फायावे नावाची एक सुंदर तरुणी आली. ती एका सरोवरात नायकाबरोबर होडीतून विहार करते आणि एकदा आपल्या अंगावरचे वस्त्र सोडून, दोन्ही हातांनी ते वाऱ्यावर धरून, होडीत उभी राहते. वस्त्राचे शीड झाले आणि तिची स्वतःची डोलकाठी. ह्या प्रसंगाने वाचक वेडे झाले. पुढे संशोधकांनी पाहिले तर त्या खोऱ्यात सरोवरच नाही. शिवाय खोऱ्याच्या वर्णनांचा बराच भाग आधीच्या प्रवाशांच्या ग्रंथांतून उचललेला निघाला.

पण मंडळी, गंमत पुढेच आहे. लोकांनी अविश्वास दाखवला तो ह्या सरोवरावर नव्हे, तर एकूण हकीकतीवरच. एक साधा खलाशी असे पुस्तक लिहीलच कसा? इतक्यात खरा टोबी अमेरिकेत जिवंत प्रगटला आणि त्याने ग्वाही दिली की आम्ही खरोखर पळालो होतो. तेव्हा कुठे टीकाकार गप्प झाले. मेल्व्हिल चिडला. १८४९ साली 'मार्डी' लिहिताना त्याने प्रस्तावनेत असा पवित्रा घेतला की, मी खरे सांगितले ते लोकांना अद्भुत वाटले. आता अद्भुत सांगतो, ते खरे वाटते का पाहू. ते पुस्तक साफ पडले.

ह्यातून काय दिसते? मेल्व्हिलने महिन्याचे चार महिने केले, सरोवर खणले, हे मी त्याचे पाप मानत नाही. कादंबरीकाराला तेवढी मुभा असते. मला खटकते ती डोलकाठी. खलाशाने प्रेयसीकडे पाहिले आणि त्याला त्याच्या ओळखीची वस्तू दिसली. तिला काय दिसत होते? त्याच आठवड्यांत नुकुहिवाच्या बंदरात फ्रेंच लढाऊ जहाजे नांगर टाकून होती. फ्रान्सने ती बेटे १८४२ सालीच आपल्या राज्याला जोडली. मेल्व्हिलने ती जहाजे पाहिली आणि त्यांवर कडक टीकाही केली, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण फायावेला त्या जहाजांविषयी काय वाटले, हे पुस्तकात कोठेच नाही. तिला बोलायला लावलेलेच नाही.

दुसरा लेखक फ्रान्सचा प्येर लोती. हे टोपणनाव, खरे नाव झ्युलियाँ व्हियो, धंद्याने आरमारी अधिकारी. १८७२ साली त्याचे जहाज ताहितीला लागले. तेथे त्याचा मुक्काम थोडाच काळ होता, पण त्यावर त्याने 'लोतीचे लग्न' ही कादंबरी रचली आणि १८८० साली ती प्रसिद्ध झाली. नायक नौदलातला, नायिका राराहू नावाची कोवळी ताहितियन मुलगी. काही दिवसांचे लग्न, मग जहाजाची शिटी, मग निरोप. नायक गेल्यावर राराहू खंगत जाऊन मरते. राराहू ही कोणी एक मुलगी नव्हती, अनेकींचे तुकडे जुळवून ती घडवली होती, हे लोतीने पुढे स्वतःच कबूल केले.

पुस्तक अफाट गाजले, आणि एक साचा तयार झाला: गलबत येते, मुलगी भेटते, गलबत जाते, मुलगी मरते. ह्या साच्याचे बेटाशी काही नाते उरले नाही, तो कोठेही नेता येत होता. आपल्याला आश्चर्य वाटेल, तो आपल्या देशातही आणला गेला. १८८३ साली पॅरिसला 'लाक्मे' नावाचे संगीत नाटक रंगभूमीवर आले. त्याच्या कथानकाला लोतीच्या ह्या कादंबरीचाही आधार होता. नायक इंग्रज अधिकारी, नायिका नीलकंठ नावाच्या ब्राह्मणाची कन्या, आणि शेवटी ती धोत्रा खाऊन प्राण देते! ताहितीच्या माडाऐवजी देऊळ आले, बाकी सर्व तेच. त्या मुलीच्या जागी आपल्या घरातली मुलगी ठेवून पाहिली, की हा साचा आपल्याला कसा बोचतो ते कळते. बेटावरच्या लोकांनाही तो तसाच बोचत असेल, एवढे मनात आणले तरी पुरे.

आता तिसरा, आणि माझ्या मते ह्या तिघांत सर्वांत मोलाचा धडा देणारा: रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन.

स्टीव्हन्सनचे घराणे दीपस्तंभ बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनिअरांचे. मुलाने तोच धंदा शिकावा म्हणून १८६८ साली, विशीच्या आतच, त्याला उत्तर स्कॉटलंडमधील विक येथे बंदराच्या बांधकामावर पाठवले होते. तेथे त्याने हट्टाने पाणबुड्याचा पोशाख चढवला. पायाला शिसे, डोक्यावर धातूचा टोप, वरून हवेची नळी. टोप बसताच बाहेरच्या जगाशी बोलणे तुटले. खाली गेल्यावर सोबतच्या पाणबुड्याने खुणेने सांगितले, ह्या दगडावर उडी मार. माणसाएवढा उंच दगड! त्याने जरासा जोर केला मात्र, तो पिसासारखा वर तरंगला. ही हकीकत त्याने वीस वर्षांनी एका निबंधात लिहिली.

तुम्ही म्हणाल, गारठलेल्या स्कॉटिश पाण्यातल्या ह्या बुडीचा उष्ण कटिबंधातल्या कादंबरीशी काय संबंध? जरा थांबा.

१८८८ साली प्रकृतीच्या कारणाने स्टीव्हन्सन 'कास्को' नावाच्या गलबतातून पॅसिफिकमध्ये शिरला. पहिला मुक्काम कोठे? नुकुहिवाला, मेल्व्हिलच्याच बेटावर. तेथे त्याला रोगांनी ओस पडत चाललेली खोरी दिसली. ती पडझड पुढेही चालू राहिली. १९२० च्या दशकात साऱ्या मार्केसस बेटांवर जेमतेम दोन हजारांच्या आसपास माणसे उरली. फायावेच्या नातवंडांची ही कथा कोणत्याही प्रेमकादंबरीत आली नाही.

स्टीव्हन्सन परत गेला नाही. समोआ बेटावर वाइलीमा येथे त्याने घर बांधले, तेथील भाषा शिकला, त्यांच्या राजकारणात पडला, आणि १८९४ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तेथेच वारला. त्या मुक्कामात त्याने 'फालेसाचा किनारा' ही दीर्घकथा लिहिली. वरवर पाहता साचा तोच: गोरा खोबऱ्याचा व्यापारी विल्टशर आणि बेटावरची मुलगी उमा. लग्न लागते. पण कसे? खोटा उपाध्याय येतो, त्याच्या हातात बायबल म्हणून एका कादंबरीचा सुटा भाग असतो, आणि उमाला एक कागद दिला जातो. त्यावर लिहिलेले असते की हे बेकायदा लग्न एका रात्रीपुरते आहे आणि सकाळी नवऱ्याने हिला खुशाल हाकलून द्यावे. उमाला इंग्रजी वाचता येत नाही. ती तो कागद सोन्यासारखा जपून ठेवते.

मंडळी, ज्या पुस्तकाच्या साक्षीने ती फसली ते पुस्तक कादंबरीच होते! लोतीसारख्यांच्या उद्योगावर ह्याहून बोचरा शेरा मला माहीत नाही. पुढे विल्टशरला स्वतःचीच लाज वाटते, तो खऱ्या मिशनऱ्याकडून रीतसर लग्न लावून घेतो आणि बेटावरच संसार करतो. उमा मरत नाही. ती नवऱ्याला वाचवते, मुले वाढवते. ह्या कथेचे लंडनच्या संपादकांनी काय केले? १८९२ साली साप्ताहिकात छापताना तो कागदच गाळला. १८९३ च्या पुस्तकात कागद आला, पण 'एका रात्री'चे 'एक आठवडा' केले! फसवणूक चालेल, पण ती सभ्य मुदतीची हवी.

आता ती बुडी. १८९४ साली स्टीव्हन्सनने आपल्या सावत्र मुलाच्या साह्याने 'ओहोटी' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तीत एका एकाकी बेटावर मोती काढवून घेणारा अॅटवॉटर नावाचा कठोर इंग्रज आहे. त्याचे बहुतेक मजूर देवीच्या साथीत मेले आहेत. कोठारात पाणबुड्यांचे पोशाख पडून आहेत. तो पाहुण्याला म्हणतो, ह्या पोशाखाचे मला फार नवल वाटे. भिजून निथळत वर येतो, पण आतला माणूस कोरडा. जगात उतरायलाही असाच एक पोशाख हवा. पाहुणा म्हणतो, अहंकाराचा? अॅटवॉटर म्हणतो, नाही, ईश्वरी कृपेचा.

विकच्या बंदरातली बुडी सव्वीस वर्षांनी अशी वर आली. रंगीत मासे नाहीत, पराक्रमाची फुशारकी नाही. अनुभवातून एक प्रश्न वर आला: माणसांच्या दुःखात उतरून कोरडे परत येणारा तो माणूस कोण?

आणि माझ्या तरुण मित्रांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. त्यांची बुडी खरी होती, पण ती पोशाख घालून मारलेली होती. अंगाला पाणी लागले, मनाला लागले नाही. साहस हे लेखकाचे असते. बेट दुसऱ्या कोणाचे तरी घर असते. ज्याला जहाजाची शिटी वाजली की निघायचे आहे, त्याला ते घर कायम चांदण्यातच दिसणार.

आपल्या भाषेने ह्या साऱ्या वाङ्मयप्रकाराला नाव दिले तेच मुळी एका नायिकेचे. बाणभट्टाची कादंबरी ही सातव्या शतकातल्या एका अद्भुतरम्य प्रेमकथेची नायिका. तेव्हा अद्भुताचा आणि प्रीतीचा मला विटाळ आहे, असे कोणी समजू नये. बेट असावे, चांदणे असावे, प्रेमही असावे. फक्त तिला बोलू द्यावे.

तो तरुण पुन्हा भेटला तेव्हा मी त्याला विचारले, "पाण्याखाली तुमचा हात धरून कोण होते?" ते म्हणाले, "तिथलाच एक मुलगा. कोळ्याचा." "त्याचे नाव काय?" ते आठवू लागले. आठवेना. "पावसाळ्यात बुड्या बंद असतात, तेव्हा तो काय करतो?" तेही माहीत नव्हते. मग थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, "सर, मला एकदा पावसाळ्यात मालवणला जाऊन राहिले पाहिजे."

ते गेले की नाही, मला ठाऊक नाही. हस्तलिखित मात्र त्यांनी अजून छापायला दिलेले नाही, एवढे मला कळले आहे, आणि ही मी चांगली खूण समजतो.