दोन शिंपी, एक मास्तर आणि नववीचा वर्ग: वाचाव्यात अशा चार कादंबऱ्या

मी चौसाळ्याहून बोलतोय. मागच्या काही महिन्यांत ज्या कादंबऱ्या वाचल्या, त्यातल्या चार आज सुचवणार आहे. दोन शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींसाठी, दोन मोठ्यांसाठी. शेवट कुठल्याच पुस्तकाचा सांगणार नाही, त्यामुळं बिनधास्त ऐका.

पहिली, मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. २००४ साली आली. काळ आणीबाणीचा. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे दोस्त आणि वर्गातली शिरोडकर. सुजय डहाकेंचा पिक्चर बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तरीपण पुस्तक वाचा, कारण पिक्चरमध्ये मुकुंद दिसतो आणि पुस्तकात त्याचं डोकं कसं चालतं ते कळतं. ती आज कुठल्या रस्त्यानं जाईल, आपण कुठं उभं राहायचं, मास्तरांनी पाहिलं तर काय, हा सगळा हिशोब तो परीक्षेपेक्षा जास्त मन लावून करतो. लेखक कुठंही उपदेश करत नाही. पोरींना एक खास काम सांगतो. सगळी गोष्ट मुकुंदच्या तोंडून आहे, तर वाचताना विचार करा की हेच शिरोडकरनं सांगितलं असतं तर कसं सांगितलं असतं. यावर मैत्रिणींमध्ये तासभर भांडण होईल, गॅरंटी!

दुसरी, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ सालची, आणि एकदम छोटी. ज्यांनी आजवर एकही कादंबरी वाचली नाही त्यांनी इथून सुरू करा. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर पहिल्याच नोकरीला येतो. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागं. हळूहळू तो वाडीचा होतो, आणि मग दुष्काळ पडतो. पुढचं सांगत नाही. पण आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाचणाऱ्याला ते वेगळं सांगायची गरजही नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघालेल्या गाड्या आपण दरवर्षी बघतो. पोराचं नाव पटावर आणि पोरगं फडावर. माडगूळकरांची वाडी सत्तर वर्षं जुनी आहे, पण ओळखीची वाटते.

आता मोठ्यांसाठीच्या दोन. या जोडीनं वाचा असं माझं म्हणणं आहे, कारण दोन्ही शिंप्यांवर आहेत आणि दोन्ही आपल्या मराठवाड्यातल्या आहेत.

‘पाचोळा’ रा. रं. बोराडे यांची, १९७१ सालची. बोराडे सर मूळचे लातूर जिल्ह्यातले, फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. गावातल्या एका शिंप्याचा धंदा बसत जातो. गाव बदलतंय, आणि हा माणूस स्वभावानं ताठ. या दोन्हींत घर कसं विस्कटत जातं ते त्याची बायको आपल्याला सांगते, आपल्याच बोलीत. पहिली चार पानं जड गेली तर मोठ्यानं वाचा, लगेच घरातलं कुणीतरी बोलतंय असं वाटायला लागेल.

दुसरी, ‘उसवण’. लेखक देविदास सौदागर, तुळजापूरचे. म्हणजे आमच्या चौसाळ्यावरून सोलापूरकडं जो हायवे जातो, त्याच रस्त्यावरचं गाव. लेखकानं स्वतः शिलाईकाम केलंय, रखवालदारीही केली आहे. या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. इथं शिंप्याच्या समोर उभा आहे रेडीमेड कपडा. दुकानात लटकवलेली तयार पँट घेऊन गिऱ्हाईक निघून जातं. भांडायचं कुणाशी? गिऱ्हाईकाचं चुकलं असंही म्हणता येत नाही, कारण आपण सगळे रेडीमेडच घालतो.

मला ही जोडी का लागली, तर माझं काम कोड लिहायचं. सध्या आमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये एआयचा विषय निघतो. जे काम करायला आम्हाला दोन दिवस लागायचे त्यातलं बरंच आता मशीन तासाभरात करून देतं. मग सगळीकडून एकच सल्ला येतो, नवीन स्किल शिका. सल्ला खोटा नाही, मीही शिकतोय. पण या दोन कादंबऱ्या त्याच्या पुढचं विचारतात. हातातलं कसब उत्तम असूनही लोकांना ते नकोसं झालं, तर त्या माणसाचं काय होतं? घरी तो कसा बोलतो? कुणावर चिडतो? ‘पाचोळा’ बायकोच्या तोंडून आहे म्हणून तर ती जास्त लागते. नवऱ्याचा धंदा बुडताना त्याचा ताठा आणि राग झेलायला घरात कोण असतं, हे त्यात दिसतं. ज्यांचं लग्न ठरलंय किंवा नुकतं झालंय, त्यांनी दोघांनी मिळून वाचा. थट्टा नाही करत.

या कादंबऱ्यांत उपाय सापडेल असं नाही. पण काम गेलं की माणूसच बिनकामाचा झाला असं आपण जे पटकन धरून चालतो, ते दोन्ही पुस्तकं वाचल्यावर तितकं सोपं राहत नाही. माझ्यापुरतं तेवढं पुष्कळ आहे.

शेवटची एक विनंती. ‘भाऊ, पीडीएफ पाठव ना’ असा मेसेज करू नका! विकत घ्या, चौघांत मिळून घ्या, गावातल्या किंवा कॉलेजच्या लायब्ररीत मागणी नोंदवा. नाही म्हणाले तर परत मागा. रेडीमेडच्या बाजारात शिंप्याचं काय होतं हे ज्यानं लिहिलं, त्याचं पुस्तक फुकट फिरवणं बरं दिसत नाही.

तुम्ही नुकतीच कुठली कादंबरी वाचली, ते व्हॉइस मेसेजनं कळवा. नाव आणि का आवडली, एवढंच. पुढच्या भागात त्यातल्या काही घेऊ. चला, भेटूच!