उघडें द्वार आणि वाद्यवृंद
(महोत्सवाच्या सायंकाळीं, वादनापूर्वीं मंदिरांत केलेलें भाषण)



थोड्याच वेळांत या मंदिरांत वाद्यवृंदाचें वादन सुरू होईल. आपल्या तरुणांनीं ही विनंती प्रथम आणली, तेव्हां आम्हीं ती तत्काळ नाकारली होती. मंदिरांत पियानो व गलबला करणारीं वाद्यें नकोत, असें पोप दहावे पायस यांचें १९०३ सालचें आज्ञापत्र सांगतें. तें सेमिनरींत असल्यापासून आमच्या मनांत ठसलेलें. देवाचें घर म्हणजे नाटकगृह नव्हे, असें आम्हीं त्यांस ऐकविलें. मग आमचें मत कां पालटलें, हें आपणांस सांगणें आमचें कर्तव्य होय.

कांहीं वर्षांमागें लंडन शहरीं जाण्याचा योग आला. तेथें ट्रॅफल्गर चौकाच्या कडेस सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स नांवाचें मंदिर आहे. तें आंग्लिकन बंधूंचें. आपल्या पंथाचें नव्हे. एके काळीं तें शेतांमध्यें होतें, म्हणून नांवांत शेतें राहिलीं. आज भोंवतीं राजधानीची गर्दी आहे. हल्लीची इमारत जेम्स गिब्ज या स्थापत्यकारानें रचिली व ती १७२६ सालीं पूर्ण झाली.

१९१४ सालीं, पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं, डिक शेपर्ड हे तेथें धर्मगुरू झाले. जवळच्या चेअरिंग क्रॉस स्थानकावरून शिपाई फ्रान्सच्या रणांगणाकडे जात-येत असत. त्यांच्यासाठीं शेपर्ड यांनीं मंदिराचें दार उघडें ठेविलें. तळघरांत थकल्याभागल्यांस आसरा मिळूं लागला. ती परंपरा पुढें खुंटली नाहीं. बेघरांसाठीं झटणाऱ्या 'शेल्टर' या संस्थेचा प्रारंभही १९६६ सालीं याच मंदिरांत झाला.

आणि याच छताखालीं १३ नोव्हेंबर १९५९ रोजीं नेव्हिल मॅरिनर व त्यांचे सोबती यांच्या लहानशा तंतुवाद्यवृंदानें आपलें पहिलें जाहीर वादन केलें. आरंभीं या वृंदापुढें छडी घेऊन उभा राहणारा नायक नसे. मॅरिनर स्वतः व्हायोलिन वाजवीत अग्रभागीं बसत, आणि प्रत्येक वादक शेजाऱ्याचें ऐकून आपला स्वर लावी. पुढें त्या वृंदाची कीर्ति जगभर पसरली. नांव मात्र त्यानें मंदिराचेंच राखिलें.

तेथील मध्यान्हीच्या एका संगीतसभेस आम्ही गेलों. प्रवेशास मोल नव्हतें. ज्यानें त्यानें इच्छेनुसार दान टाकावें. आमच्या शेजारीं मळक्या कोटांतला एक वृद्ध बसला होता. त्याचा सारा संसार दोन पिशव्यांत मावलेला. वाद्यांचा सूर मंद होतांच त्याचें घोरणें ऐकूं येऊं लागलें. आतां कोणी सेवक येऊन यास उठवील, म्हणून आम्हीं मागें वळून पाहिलें. कोणी आलें नाहीं. वादनही थांबलें नाहीं. शेवटीं टाळ्यांनीं तो जागा झाला आणि सर्वांबरोबर त्यानेंही टाळ्या वाजविल्या.

बंधुभगिनींनो, त्या क्षणीं आम्हांस आपलें हें मंदिर आठवलें. एका पावसाळी रविवारीं, अंगास दारूचा वास येतो म्हणून, एका भिजलेल्या माणसास आम्हीं याच दारांतून परत पाठविलें होतें. तो पुन्हां कधीं दिसला नाहीं. व्हायोलिननें मंदिर विटाळेल ही धास्ती आम्ही बाळगीत होतों. पण त्या दिवशीं आमच्याच हातून त्याचा जो अवमान झाला, तो आमच्या ध्यानांतही आला नव्हता. आज आपणां सर्वांसमक्ष तो दोष आम्ही कबूल करतों.

परत आल्यावर ख्रिस्तसभेचा नियम नव्यानें वाचला. मंदिरांतील संगीतसभांविषयीं रोमच्या उपासनाविषयक मंडळानें १९८७ सालीं एक पत्र काढिलें आहे. संगीत धार्मिक असावें, वेदीचा मान राखावा, वादकांनीं वेदीस्थानीं बसूं नये, परमपवित्र साक्रामेंत बाजूच्या कपेलांत वा अन्य सुरक्षित जागीं हलवावें, असें त्यांत सांगितलें आहे. शिवाय प्रवेश विनामूल्य व सर्वांस मोकळा असावा, अशीही अट आहे. पूर्वीं आम्हीं हें पत्र वाचलें नव्हतें असें नव्हे. परंतु ही अट आमच्या दृष्टीस जणूं पडलीच नव्हती.

म्हणूनच, पुढील बाक राखून ठेवावे व त्यांबद्दल देणगी घ्यावी, अशी जी सूचना कांहीं सद्‌गृहस्थांनीं सद्भावनेनें केली, ती आम्हीं आभारपूर्वक परत केली. आज येथें कोणाचीही जागा राखलेली नाहीं.

वादन चालू असतां दारें उघडींच राहतील. रस्त्याचा आवाज आंत येईल. तो आपण सोसावा. आणि मध्येंच कोणी आंत आलें, मग तो कसाही असो, तर थोडें सरकून त्यास जागा द्यावी, एवढीच आमची विनंती. प्रभु ख्रिस्त आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.